स्वयंपाकघरांतील तापणारें सॉकेट

गेल्या पावसाळ्यांत एके सकाळीं आमच्या स्वयंपाकघरांत करपट वास येऊं लागला. आईनें दूध पाहिलें, भाजी पाहिली. कांहींच करपलें नव्हतें. इंडक्शन शेगडीचा प्लग काढावयास ती गेली, तों बोटांस चटका बसला. सॉकेटचें एक भोंक तपकिरी पडलें होतें. “पण फ्यूज कोठें उडाला? मग भिण्याचें कारण काय?” असें ती म्हणाली. हा समज पुष्कळांचा असतो आणि तो घातक आहे; म्हणून त्याचा थोडा विचार करूं.

तारेंतून वीज वाहूं लागली कीं उष्णता उत्पन्न होते. ती प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणांत वाढते, हा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. आमची शेगडी २००० वॅटची व विजेचा दाब २३० व्होल्ट. अर्थात् प्रवाह सुमारें ८.७ अँपिअर. सॉकेटमधील पट्ट्यांनीं प्लगच्या पिना घट्ट धरल्या असतील, तर सांध्याचा रोध नगण्य असतो. परंतु पट्ट्या सैल होऊन तो अर्धा ओहम झाला, तर ८.७ × ८.७ × ०.५, म्हणजे जवळजवळ ३८ वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागीं सांठते. २५ वॅटचें सोल्डरिंग आयर्न डाख वितळवितें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे धोका कळेल. शिवाय तापलेली पट्टी आपली लवचिकता गमावते, तिच्यावर गंज चढतो, रोध आणखी वाढतो, आणि हें चक्र चालूच राहतें.

मग फ्यूज कां उडाला नाहीं? फ्यूज किंवा हल्लींची एम्. सी. बी. यांचें लक्ष प्रवाहाकडे असतें, सांध्याच्या उष्णतेकडे नव्हे. प्रवाह मर्यादेंतच होता. जळत होता तो सांधा.

अशा वेळीं काय करावें?

१. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. सॉकेट निवल्यावरच प्लग काढावा. पाणी मुळींच वापरूं नये.

२. प्लगची कोणती पीन काळवंडली आहे तें पाहावें. त्याच बाजूची पट्टी अथवा तारेचा स्क्रू बहुधा सैल असतो.

३. मोठें उपकरण अडॅप्टर लावून ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालविलें जात आहे काय, हें तपासावें. त्यास १६ अँपिअरचें सॉकेट व योग्य जाडीची तार हवी.

४. सॉकेट उघडण्याचें काम परवानाधारक वायरमनकडेच द्यावें.

आमच्या वायरमननें तारेचा करपलेला भाग कापला आणि सॉकेट व प्लग दोन्हीं बदलले. जुना प्लग ठेवला असता, तर त्याच्या काळवंडलेल्या पिनेनें नवें सॉकेटही लवकरच बिघडविलें असतें. नंतर अर्धा तास शेगडी चालवून, ती बंद करून, आईनें प्लगच्या पाठीस बोट लावलें. तो जेमतेम कोमट होता.

विद्यार्थिमित्रहो, आज घरीं गेल्यावर आपल्या स्वयंपाकघरांतील सॉकेट एकवार न्याहाळा. तेथें डाग दिसला अथवा वास आला, तर फ्यूज उडण्याची वाट पाहूं नका.