जिज्ञासा : शिक्षणाचा खरा पाया

जिज्ञासा म्हणजे नुसती चौकशी नव्हे. शेजारी कोण आले, कोण गेले ही झाली चौकशी. एखादी गोष्ट अशीच का, हे समजून घेण्याची ओढ म्हणजे जिज्ञासा. ती पैसेवाल्यांच्या घरीच जन्मते असे नाही.

मायकेल फॅरडे १७९१ साली इंग्लंडात एका लोहाराच्या घरी जन्मला. शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते. चौदाव्या वर्षी तो लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीस लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचू लागला. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातील विजेवरचा लेख असाच हाती आला. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने टिपणे घेतली, आकृत्या काढल्या, त्यांचे सुमारे तीनशे पानांचे पुस्तक बांधून डेव्हींकडे पाठविले. १८१३ मध्ये तो त्यांच्याच प्रयोगशाळेत मदतनीस झाला. माझ्या मते यात ते टिपणांचे पुस्तक सर्वांत महत्त्वाचे. प्रश्न सर्वांनाच पडतात. कागदावर न उतरलेला प्रश्न संध्याकाळपर्यंत विरून जातो.

विद्युतप्रवाहाजवळ चुंबकसूची हलते, हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखविले होते. फॅरडेचा प्रश्न उलटा होता : मग चुंबकापासून वीज का मिळू नये? उत्तर सापडायला १८३१ साल उजाडले. चुंबक नुसता ठेवून काहीच होत नाही. तारेच्या वेटोळ्यात तो आत-बाहेर होत असेल तेव्हाच प्रवाह वाहतो. आपल्या कोयनेची जनित्रे याच तत्त्वावर वीज देतात. आणि उच्च गणित फॅरडेला येत नव्हते, हेही लक्षात ठेवावे!

नोकरी लागली की डोके चालविण्याची गरज संपली, असे पुष्कळांना वाटते. आमच्या बँकेतलेच पाहा. चेकच्या तळाशी नऊ आकडी कोड असतो. पहिले तीन आकडे शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. पदोन्नतीच्या परीक्षेसाठी हे घोकणारा परीक्षेनंतर विसरतो. पण काउंटरवर चेक हातात घेऊन ‘हे आकडे कशाचे?’ असे ज्याने विचारले, त्याला ते पाठ करावे लागत नाहीत.

आज आपल्या कित्येक घरांतील पहिलीच पिढी कॉलेजात जात आहे. प्रश्न विचारला तर वर्ग हसेल, या भीतीने मुले, विशेषतः मुली, गप्प बसतात. घरी विचारावे तर आईवडील कामावरून दमून आलेले. त्यांना उत्तर येत नसेल तर त्यात कमीपणा काही नाही. ‘मला ठाऊक नाही, उद्या सरांना विचार आणि मलाही येऊन सांग,’ एवढे त्यांनी म्हटले तरी पुष्कळ झाले.