घोयरा सरडा घरी पाळता येतो का?

प्रश्न : शेतात सापडलेला घोयरा सरडा पाळता येईल का? पिंजरा कसा असावा? (एक वाचक, करमाळा)

उत्तर : करमाळ्याच्या माळावर, बाभळी-बोरींवर आढळणारा घोयरा सरडा, म्हणजेच भारतीय शॅमेलिऑन, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षित आहे. तो पकडणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी जातीचा शॅमेलिऑन पाळायचा असेल, तर त्याची मालकी २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावी लागते.

अशा परदेशी सरड्याला उंच, जाळीचा पिंजरा लागतो. आत तिरक्या फांद्या आणि दाट पाने. एका पिंजऱ्यात एकच सरडा ठेवावा. शेजारी दुसरा दिसला तरी तो ताणाने काळवंडतो. वाटीतले साचलेले पाणी तो सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. त्यामुळे रोज फवारा मारावा लागतो, आणि हौशी मालक नेमके इथेच चुकतात. अतिनील दिवाही हवाच. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन पुरत नाही. अतिनील किरणांशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडे वाकतात. खायला जिवंत रातकिडे, नाकतोडे द्यावेत, पण औषध फवारलेल्या रानातले नकोत.

शेतातला घोयरा जागीच सोडावा. विषारी समजून तो मारला जातो. त्याला विष नसतेच. जखमी असल्यास वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.