एकच तास, पण तुझा

जेल रोड, नाशिक रोड

चि. मनू,

काल वहिनीचा फोन आला. म्हणाली, मनूनं वर्गातली चर्चा बंद केली, पुन्हा नोट्स सांगायला लागली. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. खरं आहे का हे?

कुणी वरिष्ठ म्हणाले असतील, 'पोर्शन मागे पडेल.' अगं, एवढ्यावर माघार? तासिका तत्त्वावरची नोकरी, भीती वाटणारच. पण एम.एस्सी.ला फळ्यावरचं उतरवून उतरवून तूच रडकुंडीला यायचीस ना? मग पोरांच्या पानात तेच वाढणार?

मीही अशीच माघार घेतली होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी डॉप्लर परिणाम शिकवायला वर्ग स्टेशनवर नेला. न थांबणारी गाडी जवळ येताना शिट्टी वरच्या पट्टीत, पुढे गेली की खालच्या. सूत्र सांगायच्या आधीच पोरं 'असं का?' म्हणून आपसांत भांडू लागली. वरून बोलणी बसली नि मी मुकाट्यानं नोट्सच्या पिवळ्या वहीकडे परतले. पुढे 1989 मध्ये नाशकात मुक्त विद्यापीठ निघालं. पहिले कुलगुरू राम ताकवले, आपल्यासारखेच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. शिक्षक समोर नसला तरी विद्यार्थ्याशी बोलतील अशी पुस्तकं तिथे तयार होत होती. एक घटक लिहाल का, असं मलाही कुणी विचारलं. भिऊन नाही म्हटलं. मागच्या गल्लीतले प्रेसमधले काका मात्र पाळी संपवून तसलीच पुस्तकं वाचत बी.ए. झाले. त्यांचा पेढा माझ्या घशाखाली उतरला नाही.

म्हणून पुन्हा विचारते, नोट्सचं खरं का? सगळं बदलू नकोस. आठवड्यात एकच तास घे. एक प्रश्न टाक, शेजाऱ्याशी वाद घालू दे, दहा मिनिटांनी तू बोल. फसला तर पुढच्या वेळी प्रश्न बदल. पोर्शनची नोंद चोख ठेव, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा उरणार नाही.

रागावले, मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या ओसरीवर बाहुल्यांची शाळा भरवायचीस, तेव्हा त्यांना प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसायचीस. ती मनू मला अजून दिसते.

रविवारी ये. बाजरीची भाकरी, मेथी करते. संध्याकाळी दोघी फलाटावर जाऊ. गाडीची शिट्टी ऐकायला तिथे मी त्या वर्गानंतर गेलेच नाही.

तुझी,
आत्या