हस्ताक्षर, ठसा आणि न पाठवलेले पत्र

पत्रवाङ्मयाचा विचार आपण बहुधा मजकुराच्या अंगाने करतो. पत्र संपादित होते, जुळाऱ्याच्या खिळ्यांत बसते, ग्रंथात समाविष्ट होते. लिहिणारा हात मात्र या प्रवासात मागे राहतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतून मोडी पत्रे बाळबोध टाइपात आणली. अभ्यासकाला आशय मिळाला. लेखणीची घाई आणि समासातली मागाहून सुचलेली ओळ दप्तरातच राहिली. ही हानी अपरिहार्य होती. परंतु पत्राचे जेव्हा मुद्राचित्र होते, तेव्हा हा व्यवहार उलटतो. हात टिकतो आणि मजकूर धूसर होऊ लागतो. या उलटापालटीचा विचार झरीना हाश्मी यांच्या ‘लेटर्स फ्रॉम होम’ (२००४) या चित्रसंचाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

झरीना यांचा जन्म १९३७ साली अलीगढ येथे झाला. वडील तेथील विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. गणितातील पदवीनंतर त्या मुद्राचित्रणाकडे वळल्या. पॅरिसमध्ये हेटर यांच्या ‘अतेलिए १७’ मध्ये आणि पुढे टोकियोत त्यांनी या कलेचे शिक्षण घेतले. फाळणीनंतर काही वर्षांनी, १९५९ मध्ये, आईवडील पाकिस्तानात गेले. झरीना न्यूयॉर्कला स्थायिक झाल्या आणि २०२० मध्ये लंडन येथे निवर्तल्या. थोरली बहीण रानी पाकिस्तानात राहत होती. आईवडिलांचे मृत्यू, घराची विक्री, मुलांचे दूर जाणे आणि बहिणीची आठवण हे सारे रानी उर्दूत लिहीत राहिली, पण ती पत्रे टपालात पडली नाहीत. पुढे ती झरीना यांच्या हाती आली.

या पत्रांपासून आठ मुद्राचित्रे सिद्ध झाली. अक्षरे धातूच्या पत्र्यावरून आणि आकृती लाकडी ठशांवरून हातकागदावर उमटल्या. घराचे आराखडे व नगरांचे नकाशे ओळींवर आल्यामुळे वाचन जागोजाग अडखळते. येथे तंत्राचा एक धर्म लक्षात घ्यावयास हवा. ठशावर अक्षर उलटे असते. ते कागदावर टेकल्यावरच सुलटे होते. दुसऱ्याचे पत्र ठशावर उतरवणे म्हणजे त्याचे प्रत्येक वळण आधी उलट दिशेने पाहणे होय. एवढ्या सावकाशीने पत्र क्वचितच कोणी वाचत असेल.

तौलनिक दृष्टीने आणखी एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. मुद्रित हस्ताक्षर मराठी वाचकाला नवलाचे वाटेल, कारण गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापाने पंचांग काढले, तरी लवकरच मराठी मुद्रण खिळ्यांकडे वळले. उर्दूचा इतिहास वेगळा आहे. नस्तालीकची तिरपी, एकमेकांवर झुकणारी वळणे खिळ्यांत नीट बसेनात. म्हणून कातिब खास कागदावर मजकूर लिही व तो दगडावर उतरवून छापला जाई. १९८१ च्या सुमारास संगणकीय नस्तालीक येईपर्यंत उर्दू वृत्तपत्रेही हाताने लिहिलेली असत. तेव्हा उर्दू वाचकाच्या दृष्टीने छापील हस्ताक्षरात काहीच अपूर्व नाही. अपूर्व आहे ते हे की, हे अक्षर कातिबाचे नाही. कातिबाचे वळण सर्वांसाठी घोटलेले असते, रानीचे एकाच व्यक्तीसाठी. खाजगी अक्षर येथे कातिबाच्या आसनावर बसले आहे.

त्यातूनच नैतिक प्रश्न उभा राहतो. जे पत्र लिहिणारीने पाठवले नाही, ते सर्वांपुढे मांडावे काय? वर्गात या चित्रांच्या प्रतिकृती दाखवल्या, तेव्हा बहुतेक विद्यार्थ्यांनी अनुवाद मागितला. उर्दू येणारी एक विद्यार्थिनी मात्र दोन ओळी वाचून थांबली. परक्याचे पत्र उघडल्यासारखे वाटते, म्हणाली. मला वाटते, दोघांचेही म्हणणे चित्रात सामावलेले आहे. ज्याला लिपी येत नाही त्याला केवळ हात दिसतो, म्हणजे विरहाची जात कळते, तपशील कळत नाही. ज्याला येते त्याच्यापुढे नकाशा आडवा येतो. चित्र पत्र उघडते आणि झाकतेही. शेजारी संपूर्ण अनुवाद लावला, तर हा तोल बिघडेल; अनुवादकाने येथे थांबण्याचा अधिकार मान्य केला पाहिजे.

मराठीत ‘पत्र’ म्हणजे झाडाचे पान आणि लिहिलेला कागदही. धातूचा ‘पत्रा’ त्याच शब्दाचा भाऊबंद, आणि ताम्रपत्रात तर दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मात्र ताम्रपत्रावर कोरले जाई ते दान किंवा राजाज्ञा, म्हणजे राज्याला जे टिकवावयाचे असे ते. दोन देशांत विभागल्या गेलेल्या घरातील एका बहिणीचे शब्द त्याच मानाने पत्र्यावर यावेत, ही या चित्रसंचाची मागणी आहे. पत्रवाङ्मयाच्या अभ्यासकांनी यापुढे मजकुराबरोबर अक्षराचीही नोंद ठेवली, तर ती मागणी काही अंशी पुरी होईल.