मित्राची गाडी चालवताना कोणती कागदपत्रं हवीत?

प्रश्न : मित्राची कार घेऊन पुण्याहून कोकणात जायचं आहे. गाडी माझ्या नावावर नाही. पोलिसांनी अडवलं तर काय दाखवावं?

उत्तर : गाडी दुसऱ्याच्या नावावर असणं हा गुन्हा नाही. तुमचं वैध लायसन्स, गाडीचं आरसी, चालू विमा आणि पीयूसी, एवढं जवळ ठेवा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रं कायद्याने ग्राह्य आहेत. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका. मालकाचं संमतिपत्र सक्तीचं नाही, पण दोन ओळींचं पत्र आणि त्याचा फोन नंबर सोबत असू द्या. गाडी चोरीची नाही, हे लगेच पटवता येतं.

निघण्यापूर्वी विम्याची मुदत स्वतः तपासा. मालकाच्या परवानगीने गाडी चालवणाऱ्या लायसन्सधारकाकडून अपघात झाला, तरी विमा सहसा लागू राहतो. मात्र मालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण तुम्हाला मिळत नाही. खासगी गाडीचं भाडं दिलंत, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

आणि वाटेत लायसन्स नसलेल्या कुणाच्याही हाती स्टिअरिंग देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 180 नुसार अशी मुभा देणाऱ्याला 5,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विश्वासाने गाडी देणाऱ्या मित्राला त्यात अडकवू नका.