शेपटी चौकटीत मावली नाही

२७ सप्टेंबर २०२४ रोजी सूर्याला वळसा घातलेला त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू १२ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी, पृथ्वीपासून सुमारे सात कोटी किलोमीटरांवर आला. आणि पुढच्या दोन-तीन संध्याकाळी मुखेडच्या आमच्या माळवदावरून शुक्र आणि स्वाती यांच्या दरम्यान, किंचित वरच्या अंगास, तो दिसू लागला, तेव्हा माझ्या सहा इंची परावर्ती दुर्बिणीला कॅमेरा जोडून त्याचे छायाचित्र घ्यावयाचे, असा संकल्प मी केला. चूक त्या संकल्पातच होती.

१२०० मिलिमीटर नाभ्यंतराच्या या दुर्बिणीतून कॅमेऱ्याच्या चौकटीत जेमतेम एक अंश आकाश, म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेली दोन चंद्रबिंबे, मावते; धूमकेतूची शेपटी तर छायाचित्रांत दहा अंशांहूनही लांब उमटत होती. हाती आले ते केवळ धुरकट शिर, आणि तेही ताणलेले. कारण आकाश पाच सेकंदांत सव्वा कला सरकते, आणि त्याच्यामागे दुर्बीण फिरवणारे यंत्र माझ्याजवळ नव्हते. आमचा तालुका ज्या संस्थानाच्या अमलाखाली होता, त्या हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत तारकासूचीसाठी आकाशाचे छायाचित्रण होई, ते ताऱ्यांमागे फिरणाऱ्या दुर्बिणीने. हे ठाऊक असूनही उत्साहाच्या भरात मला त्याचे विस्मरण झाले. तशात चंद्र दिवसागणिक वाढत होता, १६ तारखेस कोजागरी होती, आणि शेपटीचा क्षीण भाग त्या प्रकाशात लोपत चालला होता.

याहून गंभीर कसूर पहिल्या संध्याकाळी घडली. सूर्य मावळण्यापूर्वीच दुर्बीण पश्चिमेकडे रोखून मी खाली उतरलो. वर येतो तो शेजारचा मुलगा तिला डोळा लावण्यास वाकलेला. नळी अंगुळभर ढळून सूर्यावर गेली असती, तर त्या लेकराची दृष्टी क्षणात कायमची गेली असती. सूर्यबिंब पूर्ण अस्तास गेल्याखेरीज नळीचे झाकण काढू नये आणि मांडलेली दुर्बीण सोडून हलू नये. यात कोणतीही सबब चालत नाही.

पुढचा तेजस्वी धूमकेतू येईल तेव्हा दुर्बीण डोळ्यासाठी राखावी. कॅमेरा साध्या तिपाईवर, ५० मिलिमीटरच्या भिंगासह ठेवावा, ठळक ग्रहावर किंवा ताऱ्यावर फोकस आधीच पक्का करावा, हाताचा धक्का लागू नये म्हणून टायमर लावावा, आणि सूर्यास्तानंतर पाऊण तासाने पाच ते आठ सेकंदांची छायाचित्रे घ्यावीत. माझ्या संग्रही असलेले एकमेव चांगले चित्र असेच, १५ ऑक्टोबरला दुर्बीण उतरवून ठेवल्यावर, सहा सेकंदांत घेतलेले आहे; त्यात शेजारच्या लिंबाच्या शेंड्यावर ती लांब शेपटी स्पष्ट दिसते.