आजचं आज

परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, पुण्याला आल्यापासून माझी प्रार्थना सुटलीच गं." सकाळी साडेसातची बस, रात्री परत येईस्तोवर अंगात त्राण नाही. तुझा आवाज रडवेला झाला होता. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. यातलं माझं स्वतःचं थोडंच आहे. बरंचसं माझ्या सासूबाईंचं, म्हणजे तुझ्या पणजीचं. त्या नगर जिल्ह्यात मिशनच्या बायबलबाई होत्या. खेड्याखेड्यांतून पायी फिरायच्या, कुणाच्या ओट्यावर बसून बायकांना शास्त्र वाचून दाखवायच्या. वर घरचं दळण, पाणी, पोरंबाळं. वेळ त्यांनाही नव्हता.

तू वेळ शोधत बसलीस. आधी जागा शोध. सासूबाईंची जागा म्हणजे चुलीपुढचा पाट. पहाटे चूल पेटवून पाण्याचं पातेलं ठेवलं की ते तापेपर्यंत त्या पाटावर बसायच्या, मांडीवर बायबल. ते बायबल आता माझ्याकडे आहे. फिलिप्पैकरांच्या पत्राच्या पानावर त्यांचं हळदीचं बोट उमटलंय, खालच्या कोपऱ्यात, पान उलटताना लागलेलं. प्रभूने खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितलं, पण आमचं घर म्हणजे एकच खण. त्या पदर डोक्यावरून पुढे ओढून घ्यायच्या, तीच त्यांची खोली. पदर ओढलेला दिसला की आम्ही कुणी हाक मारायचो नाही. तुझ्या खोलीत तिघी राहता ना? मग खिडकीजवळची ती खुर्ची तुझी. मैत्रिणींना सरळ सांग, सकाळी पंधरा मिनिटं मी इथे असते. लाजू नकोस. आणि तोवर मोबाइल उशाखालीच राहू दे. एकदा तो हातात आला की ती पंधरा मिनिटं गेलीच.

वाचायचं काय, हा प्रश्न रोज सकाळी नव्याने पडू द्यायचा नाही. निम्मी शक्ती त्यातच जाते. आमच्याकडे तारखेचा हिशेब होता. आज 5 तारीख असेल तर 5 वं स्तोत्र, मग तीस-तीस मिळवत जायचं: 35, 65, 95, 125. या पाचांतलं जे त्या दिवशी मनाला धरेल ते एकच वाचायचं, पण मोठ्याने वाचायचं. स्तोत्रं 150, त्यामुळे महिनाभरात सगळी दाराशी येऊन जातात. 29 तारखेच्या वाट्याला 119 वं येतं, त्यात 176 वचनं आहेत. ते 31 तारखेसाठी राखून ठेवायचं. सोबत शुभवर्तमानाचा एक तुकडा. मार्कापासून सुरुवात कर, सोळाच अध्याय आहेत. एक जानेवारीला उत्पत्तीपासून धडाक्यात सुरुवात करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. बरीचशी लेवीयात अडकतात आणि मग पुढच्या जानेवारीपर्यंत पुस्तक मिटलेलं राहतं.

वाचून झालं की बोलायचं, आणि आपल्या बोलीत बोलायचं. पाळकसाहेबांसारखी प्रार्थना आपल्याला येत नाही म्हणून गप्प बसणाऱ्या बायका सासूबाईंना गावोगाव भेटायच्या. त्या त्यांना पंडिता रमाबाईंचं सांगायच्या. रमाबाई एवढ्या मोठ्या संस्कृत पंडिता, तरी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी सबंध बायबल साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं. 1922 साली त्या गेल्या, तोवर त्याच कामात होत्या. एवढा खटाटोप एका बाईने केला तो देवाचं बोलणं आपल्या भाषेत यावं म्हणून. मग आपलं बोलणं त्याच्याकडे जाताना पुस्तकी कशाला? रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही प्रभूला आळवलं ते अभंगातच. घरमालकाने भाडं वाढवलं, साहेब टाकून बोलले, डबा सांडला, आईची आठवण येते, हे सगळं जसंच्या तसं सांग.

राग आला असेल तर तोही सांग. हे मी ऐकीव सांगत नाही. तुझे आजोबा गेले त्या वर्षी मी जवळजवळ आठ महिने प्रार्थनेला बसले नाही. रविवारी देवळात जायची, उठायची, बसायची, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. मला वाटायचं, असं मन घेऊन देवापुढे जाणं हे पाप आहे. एके दिवशी नुसतं पुस्तक पुसायला म्हणून घेतलं. 28 तारीख होती. सवयीने बोटं 28, 58 करत 88 वर गेली. ते स्तोत्र तू वाचलं आहेस का? त्याच्या शेवटी दिलासा नाही. अंधारातच सुरू होतं आणि अंधारातच संपतं. आणि तरीही ते शास्त्रात आहे, देवाने ते काढून टाकलं नाही. मी तिथेच जमिनीवर बसले आणि आठ महिन्यांचं सगळं बोलून टाकलं. त्या दिवशी मला कसलं उत्तर मिळालं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी परत बसले.

आता तुझं खरं दुखणं. खाडा पडला की तू घाबरतेस. आठ दिवस सुटले तर नवव्या दिवशी आठांचं भरून काढायचं ठरवतेस, ते जमत नाही, आणि मग महिना सुटतो. सासूबाई यावर मान्न्याची गोष्ट सांगायच्या. रानात इस्राएल लोकांनी रोज सकाळी त्या दिवसापुरता मान्ना वेचायचा होता. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी साठवला त्यांच्या भांड्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट मिळायचा, तो टिकायचा. "कालचा मान्ना शोधायला कुणी बाहेर पडलं का?" त्या विचारायच्या. कालची सकाळ गेली. तिची थकबाकी देव लावत नाही, तू कशाला लावतेस? क्षमा माग एका वाक्यात आणि आजचं वाच. आजचं आज.

दिवसभरात मात्र देवाला विसरू नकोस. नहेम्या हा राजाला द्राक्षारस देणारा चाकर. राजाने विचारलं, तुला काय हवं? उत्तर द्यायच्या आधी त्याने तिथेच उभ्या उभ्या देवाची प्रार्थना केली. किती वेळ मिळाला असेल? एका श्वासाचा. तुला बसच्या रांगेत, मीटिंगच्या आधी, लिफ्टमध्ये तेवढा वेळ खचित मिळतो. पण एक ध्यानात ठेव, अशी श्वासातली प्रार्थना त्यालाच सुचते ज्याची सकाळची बैठक आहे. दानिएलाचं बघ. प्रार्थनेवर बंदीचा हुकूम निघाल्यावरही तो घरी गेला आणि त्याने दिवसातून तीन वेळा गुडघे टेकले, नेहमी टेकायचा तसेच. संकट आल्यावर त्याला नवीन काही शिकावं लागलं नाही.

एक वही कर. डाव्या बाजूला तारीख आणि मागणं, उजवी बाजू कोरी. सासूबाईंच्या वहीत माझ्या पहिल्या बाळंतपणाचं मागणं आहे, समोर फक्त "दिलं" एवढंच लिहिलंय आणि तारीख. काही मागण्यांपुढची जागा अजून कोरी आहे. त्यांतली दोन मी आता माझ्या वहीत उतरवून घेतली आहेत.

आणि कुणाशी अबोला असेल तर तो आधी मिटव. सासूबाई आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई पाण्यावरून भांडल्या की दुसऱ्या पहाटे त्या पाटावर बसत नसत. आधी जावेच्या दारात जाऊन, "बाई, माझं चुकलं" म्हणायच्या, मग पदर ओढायच्या. तुझ्या त्या खोलीतल्या मैत्रिणीशी तू दोन आठवडे बोलत नाहीस, असं तुझी आई म्हणत होती.

पत्र मिळालं की पुढच्या रविवारची वाट बघू नकोस. आज कितवी तारीख आहे ते बघ आणि तेवढ्या आकड्याचं स्तोत्र काढ.